क्रॉस-कंपायलरचा 'डीफॉल्ट' नेमका कुणासाठी?

लॅपटॉपवर प्रोग्रॅम कंपाइल झाला, एकही वॉर्निंग नाही. पण रास्पबेरी पाय झिरोवर चालवला की 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' एवढं म्हणून बंद! मग सबमिशनच्या आदल्या रात्री आपल्याच कोडमध्ये चूक शोधणं सुरू होतं. ती सापडली नाही की बोर्डावर 'खराब' असा शिक्का बसतो. बहुतेक वेळा कोडही बरोबर असतो आणि बोर्डही.

एका प्रोसेसरवर बसून दुसऱ्यासाठी कोड बनवतो तो क्रॉस-कंपायलर. आपण काही सांगितलं नाही, तर तो काही गोष्टी गृहीत धरतो. डेबियनचा 'आर्मएचएफ' कंपायलर धरून चालतो की समोर आर्मव्ही७ प्रोसेसर आहे आणि त्याला थम्ब-२ सूचना कळतात. पण २०१२ चा पहिला पाय आणि २०१५ चा पाय झिरो यांच्यात आर्म११७६ आहे, म्हणजे आर्मव्ही६. नव्या सूचना त्याला कळणार कशा?

नावावर जाऊ नका. 'एचएफ' म्हणजे हार्ड फ्लोट : फंक्शनला दशांश संख्या फ्लोटिंग पॉइंट रजिस्टरमधून द्यायच्या, एवढाच करार. प्रोसेसरची पिढी त्यातून कळत नाही. रास्पबियनचं नावही 'आर्मएचएफ'च, पण ते आर्मव्ही६ साठी कंपाइल केलेलं.

"मग कमांडमध्ये प्रोसेसरचं नाव देऊ की!" असं कुणी म्हणेल. त्याने फक्त तुमची फाइल बदलते. मेनच्या आधी चालणारा स्टार्टअप कोड आणि सी लायब्ररी कंपायलरसोबत तयार आलेली असतात, आणि ती आर्मव्ही७ चीच राहतात. तयार फाइलवर रीडएल्फ कॅपिटल 'ए' पर्यायासह चालवा. आर्किटेक्चर व्ही७ दिसलं तर झिरोवर ती चालेल याचा भरवसा नाही.

म्हणून डीफॉल्ट टूलचेनमध्येच बसवावा. बिल्डरूटमध्ये हे सोपं आहे. मेनूकॉन्फिगच्या टार्गेट ऑप्शन्समध्ये आर्म११७६जेझेडएफ-एस निवडा, एबीआय 'ईएबीआयएचएफ' आणि फ्लोटिंग पॉइंट 'व्हीएफपीव्ही२' ठेवा. बिल्डरूट स्वतः कंपायलर बांधतं तेव्हा लायब्ररीसकट सगळं त्याच हिशोबाने तयार होतं. पाय झिरोसाठी तयार डेफकॉन्फिगही आहे. मात्र आर्किटेक्चर नंतर बदललं तर 'मेक क्लीन' करून सगळं पुन्हा बांधा. वेळ जातो, पण इलाज नाही.

निवडताना मी एकच प्रश्न विचारतो : हा प्रोग्रॅम ज्या बोर्डांवर चालायचा आहे, त्यांतला सर्वांत जुना कोणता? लॅबमध्ये झिरोपासून पाय ३ पर्यंत सगळे असतील, तर प्रोग्रॅम आर्मव्ही६ साठी बांधा. ३२-बिट सिस्टिम असलेल्या नव्या बोर्डांवरही तो चालेल. निऑनचा वेग मिळणार नाही, हे खरं. पण सेन्सर वाचायला तो लागतोच कुठे? इमेज प्रोसेसिंग असेल तर नव्या बोर्डासाठी वेगळं कॉन्फिगरेशन करा.

शेवटचं : 'सेव्हडेफकॉन्फिग' करून ती छोटी फाइल प्रोजेक्ट रिपोर्टच्या सीडीत नक्की टाका. पुढच्या वर्षीच्या ज्युनिअरला तुमचा प्रोग्रॅम पुन्हा बांधता येईल, आणि लॅबमधला एखादा चांगला बोर्ड भंगारात जाण्यापासून वाचेल.