स्थौल्य : लोकसमज, आहारविहार आणि आपले कर्तव्य

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील 21 व्या अध्यायात आठ निंदित पुरुषांची गणना आहे. त्यांपैकी अतिस्थूल व अतिकृश यांचेच विवेचन विस्ताराने येते. अतिस्थूलाच्या आठ दोषांत आयुष्याचा ऱ्हास प्रथम सांगितला आहे. तथापि सातारा-सांगली परिसरात भरल्या अंगाचा मनुष्य आजही ‘खात्यापित्या घरचा’ समजला जातो. बाळंतपणानंतर वाढलेल्या वजनाचे कौतुक होते. रुग्ण येतो तो गुडघेदुखी वा दम लागण्याची तक्रार घेऊन. वजनाचा विषय वैद्यालाच काढावा लागतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार 2015-16 मध्ये देशातील सुमारे 21 टक्के स्त्रिया व 19 टक्के पुरुष अतिवजनाचे वा स्थूल होते. 2019-21 मध्ये हे प्रमाण अनुक्रमे सुमारे 24 व 23 टक्के झाले.

हा प्रदेश मल्लांचा आहे. 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधील कांस्यपदकविजेते खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे, तर हिंदकेसरी मारुती माने कवठेपिरानचे. दूध-तूप-बदामांचा खुराक जोर-बैठकांमुळे पचतो. पुढे तालीम सुटते, खुराक मात्र सुटत नाही. शेतातील श्रम यंत्रांनी कमी केले, पायी चालणे दुचाकीने थांबवले. अव्यायाम, दिवास्वाप व गुरु-मधुर-स्निग्ध आहार ही शास्त्रोक्त कारणे अशा रीतीने घरोघरी एकत्र आली आहेत.

प्रत्येक प्रौढ रुग्णाच्या पोटाचा घेर मोजपट्टीने मोजून नोंदवावा. भारतीयांसाठी पुरुषांत 90 व स्त्रियांत 80 सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. मेदाने मार्ग अवरुद्ध झाल्याने कोष्ठातील वायू अग्नी प्रदीप्त करतो व भूक वाढते. म्हणून केवळ उपवास टिकत नाहीत. गुरु परंतु अपतर्पण करणारा आहार हे चरकाचार्यांचे सूत्र येथे उपयोगी पडते. जव, मूग, कुळीथ यांची योजना करून व्यायाम क्रमाक्रमाने वाढवावा. मधुमेह वा रक्तदाबाची औषधे चालू असल्यास आहारबदल तपासणीसह करावा.

औषधी दुकानदारांचे दायित्वही मोठे आहे. सिब्युट्रामिन या द्रव्यावर हृदयविकाराच्या धोक्यामुळे भारतात 2011 मध्ये बंदी आली. तरीही ‘शुद्ध वनस्पतिजन्य’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वजन घटवणाऱ्या उत्पादनांत त्याची भेसळ अनेक देशांत आढळली आहे. परवाना क्रमांक, घटकसूची व खरेदीचे बिल नसलेली चूर्णे दुकानात ठेवू नयेत. अशा एका डबीने रुग्णाच्या जिवाला धोका होतो आणि शास्त्रावरील विश्वासही ढळतो.