आधी पायांना बोलू दे

अगं, मुलं एका जागी बसत नाहीत म्हणून एवढी हिरमुसू नकोस. पहिली-दुसरीतलं पोर शाळेच्या बाकावर दिवस काढून तुझ्याकडे येतं. घाटकोपरच्या एसआरएच्या, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसनातल्या, सव्वादोनशे चौरस फुटांत त्याला घरीही हुंदडायला जागा नसते. तुझा तासाभराचा इंग्रजीचा क्लास हीच त्याची मोकळीक. ती हालचाल थोपवण्यात दम घालवू नकोस, तिलाच कामाला लाव.

पहिले काही आठवडे मुलांनी इंग्रजी बोललंच पाहिजे, हा हट्ट सोड. ऐकायचं आणि करायचं, बस्स. 'चेंडू आण', 'दार लोट' हे मराठीतही मूल बोलायला लागण्याआधीच करत होतं ना? जेम्स ॲशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९६०च्या दशकात याच निरीक्षणावर 'टोटल फिजिकल रिस्पॉन्स' ही पद्धत उभी केली. जपानी आणि रशियन भाषेतल्या सूचना देऊन त्यानं शिकणाऱ्यांना उठवलं, बसवलं, चालवलं. नुसतं बघणाऱ्यांपेक्षा करणाऱ्यांच्या ते जास्त लक्षात राहिलं.

करायचं कसं, ते नीट ऐक. 'स्टँड अप', 'टर्न अराउंड', 'टच द डोअर' असं तू म्हणायचं आणि स्वतः करून दाखवायचं. मराठीत अर्थ सांगायचा मोह आवर. एकदा सांगितलास की मुलं इंग्रजीकडे कान न देता मराठीचीच वाट बघतात. तीन-चारदा झालं की हात मागे बांधून नुसतं बोल. आणि क्रम मोडत जा, नाहीतर 'स्टँड'नंतर 'सिट'च येणार हे पोरांना पाठ होतं आणि तुला वाटतं, समजलं. खरी पारख कधी न ऐकलेल्या वाक्यात होते. 'टच द डोअर' येतंय, 'रेड बॅग' कळतंय, 'बिहाइंड'ही झालंय, तर आता 'पुट द रेड बॅग बिहाइंड द डोअर' म्हणून बघ. मूल बॅग उचलतं, दाराशी थबकतं, पुढेच ठेवतं, परत उचलतं आणि मागे सरकवतं. ते थबकलं की घाई करू नकोस, मदतही करू नकोस. शिकणं त्या घटकेला चाललेलं असतं.

खेळ बाहेरून आणायलाच नकोत. विषामृत घे: विषाला 'फ्रीझ', अमृताला 'रन'. बिल्डिंगखाली चालणारं टिपी टिपी टिप टॉप रंगांसाठी तयारच आहे, त्यात 'समथिंग राउंड' अशा वस्तूही घाल. लंगडी मात्र गच्चीवरच, खालच्या काकूंच्या डोक्यावर धपाधप नको. पावसाळ्यात गच्ची हातची जाते, तेव्हा 'स्लोली', 'क्वाएटली', 'लाइक अ कॅट' असल्या हलक्या पावलांच्या गोष्टी घ्यायच्या.

एका बाबतीत मी कडक आहे: कुणाला बाद करायचं नाही. चुकणारं मूल आधी बाद होतं, म्हणजे ज्याला सरावाची सगळ्यात जास्त गरज, तेच कोपऱ्यात बसून राहतं. चुकलं तर एक फेरी तुझ्या शेजारी उभं राहून करू दे आणि परत आत घे. मग एक दिवस कुणीतरी विचारेल, "टीचर, मी राज्य घेऊ?" घेऊ दे. बोलणं तिथून सुरू होतं. मूल 'टच नोज' म्हणालं तरी टोकू नकोस, पुढच्या फेरीत तू 'टच युवर नोज' म्हण.

आणि हे परदेशी फॅड आहे असं कुणी म्हणालं तर त्यांना आपल्याकडच्या बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांची आठवण दे. १९४५मध्ये बोर्डीला त्यांचं काम सुरू झालं, आणि गुरं राखणाऱ्या मुलांना बाकावर आणण्याऐवजी त्यांनी शाळाच कुरणात नेली.

वही कोरी दिसली की आया विचारणारच, "आज काय शिकवलं?" मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, पण इंग्रजी म्हणजे स्पेलिंग, ही समजूत काही हलली नाही. त्यांच्यावर चिडू नकोस, पै-पै जोडून फी भरतात त्या. शेवटची दहा मिनिटं त्या दिवशी खेळलेली वाक्यं वहीत उतरवून घे. आणि एका शनिवारी सगळ्या आयांना बोलाव, राज्य पोरांकडे दे आणि आयांना खेळायला लाव.