लायसन्स भिंतीवर लावण्याआधी

चि. सोनू,


तुझं फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन आलं, दुकानासाठी गाळाही ठरला, हे ताईकडून कळलं. फर्निचर, फ्रीज, बिलिंगचं सॉफ्टवेअर यावर सल्ला देणारे ढीगभर भेटतील. होलसेलवाले तर दारातच उभे राहतील. मी जे लिहितोय ते सहसा कुणी सांगत नाही, कारण त्यात गल्ला नाही. परवा फोनवर तू विचारलंस, मानसिक आजार आणि व्यसन या भानगडीत मेडिकलवाल्यानं किती पडावं? मी म्हणेन, आपणहून पुढे व्हावं. मानसोपचाराचा डॉक्टर आपल्याकडे जिल्ह्याच्या गावाला. त्याची गाठ पडली तर महिन्यातून एकदा. तू मात्र पेशंटला आणि त्याच्या बायकोला दर आठवड्याला बघणार आहेस.

दुपारी गिऱ्हाईक नसताना एखादा पोरगा येईल. मोबाइलवर चिठ्ठीचा फोटो दाखवून अल्प्राझोलमच्या तीन पट्ट्या मागेल. मालेगावात हिलाच कुत्ता गोळी म्हणतात. १ मार्च २०१४ पासून हे औषध शेड्यूल एच-१ मध्ये आहे: डॉक्टरचं नाव-पत्ता, पेशंटचं नाव, औषध आणि नग रजिस्टरला लिहायचे आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपायचं. बहुतेक दुकानांत ते ड्रग इन्स्पेक्टर येण्याच्या आदल्या रात्री भरलं जातं. तू रोज भर आणि महिन्याअखेरीस वाचायलाही बस. एकाच माणसाच्या नावावर तीन डॉक्टरांच्या चिठ्ठ्या दिसल्या, की तुला जे कळतं ते त्या तिघांपैकी एकालाही ठाऊक नसतं. फोन तूच करायचा.

पोराला गोळी नाकारणं सोपं आहे. पण तो तसाच गेला तर पुढच्या चौकात घेतो. म्हणून आवाज न चढवता विचार, ‘रोज लागते का? न घेतल्यावर काय होतं?’ रोज घेणाऱ्याला एकदम बंद कर असं कधीच सांगू नकोस, झटके येतात. डोस हळूहळू उतरवावा लागतो आणि ते डॉक्टरनं करायचं. एम्सच्या २०१९ च्या सर्वेक्षणात अशी गुंगीची औषधं डॉक्टरच्या चिठ्ठीविना घेणारे देशात सुमारे १.१८ कोटी निघाले होते. त्यातला बराच माल आपल्यासारख्यांच्याच फळीवरून गेलेला असणार, हेही कबूल करायला हवं.

आता तुला सर्वांत जास्त भेटणारी बाई. पदर सावरत, इतर गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबेल आणि हळूच म्हणेल, ‘दारू सोडवायची गोळी द्या, भाजीत घालते. त्यांना कळायला नको.’ ती मागतेय ते डायसल्फिराम. माणसाला न सांगता ते दिलं आणि तो संध्याकाळी प्यायला, तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, ब्लडप्रेशर कोसळतं. जीवही जाऊ शकतो. हे औषध पेशंटला माहीत असताना, त्याच्या संमतीनं आणि डॉक्टरच्या देखरेखीखालीच चालतं. बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत त्याचा असर राहतो. घेणाऱ्याला आणखी एक सांग, जे डॉक्टरही विसरतात: द्राक्षासव, दशमूलारिष्ट यांतही अल्कोहोल असतं, काही कफ सिरपमध्येही. त्या बाईला मात्र व्याख्यान देऊ नकोस, रिकाम्या हातीही पाठवू नकोस. नवरा येवो न येवो, तिच्यासाठी अल-अनॉनच्या, म्हणजे दारू पिणाऱ्यांच्या घरच्यांच्या सभा असतात. १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात उभं केलेलं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. आणि तो स्वतःच आला, ‘कालपासून सोडली, हात थरथरतायत, झोपेची गोळी द्या’ म्हणाला, तर ती गोळी देऊन मोकळं होऊ नकोस. पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. त्याला त्याच दिवशी दवाखान्यात जायला हवं; रिक्षा तू बोलाव.

बाकी गोष्टी लहान आहेत, पण रोजच्या. डिप्रेशनच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशी सोडतात, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. लिथियम घेणारा कंबरदुखीसाठी आयब्युप्रोफेन मागेल. देऊ नकोस, रक्तातलं लिथियम वाढतं. उन्हाळ्यात त्याला पाणी कमी पडू देऊ नको असं सांग. काउंटरवरच्या पोराला पहिल्याच दिवशी ताकीद दे, ‘डोक्याच्या गोळ्या कुणाच्या?’ असं गर्दीत ओरडायचं नाही. त्या एका हाकेनं माणूस पुन्हा दुकानात येत नाही. आणि कुणी ‘आता जगण्यात अर्थ नाही’ असं बोलून गेलं, तर विषय बदलू नकोस, सरळ विचार. विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरत नाही. त्याला एकटं सोडू नको, घरच्यांना बोलाव.

अमेरिकेत फार्मासिस्ट याहून पुढे गेलेत, हे तू वाचलंच असशील. ऱ्होड आयलंडमध्ये अफूजन्य पदार्थांच्या व्यसनींना ब्युप्रेनॉर्फिन औषध दुकानातूनच देण्याची चाचणी झाली, निकाल २०२३ च्या जानेवारीत छापून आला. महिन्याभरानंतर दुकानाच्या गटातले २८ पैकी २५ उपचारात टिकले होते. नेहमीच्या दवाखान्यात पाठवलेल्या ३० पैकी फक्त ५. तिथे माणसं का टिकली, याचं मला तरी नवल वाटलं नाही. दुकानात अपॉइंटमेंट लागत नाही. आपल्याकडे ते औषध व्यसनमुक्ती केंद्रांतूनच मिळतं, तुझ्या फळीवर येणार नाही. पण २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्सनी पेशंटला समजावून सांगणं हे तुझं कर्तव्य ठरवलंय. त्यासाठी कुणाची परवानगी मागायची नाही.

तेव्हा एवढं कर. काउंटरवर, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर दोन नंबर चिकटव: व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेलि-मानस, १४४१६. आणि उद्घाटनाच्या पत्रिका वाटण्याआधी एक दिवस काढून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जाऊन ये. ओपीडीचे वार, वेळ आणि तिथल्या समाजसेवकाचा नंबर वहीत लिहून आण. मी उद्घाटनाच्या आदल्या दिवशी येतोय, तेव्हा ती वही आधी दाखव, मग दुकान.

तुझा,
मामा