हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर घेताय? आधी खोटे पेशंट तपासा

कोटेशनवर सही करण्याआधी वेंडरकडून पंधरा दिवसांसाठी चाचणीचा सर्व्हर मागून घ्या. डेमोला भुलू नका. डेमोतला पेशंट कधी जुना केसपेपर घरी विसरत नाही. या सर्व्हरवर तालीम घ्या, तीही तुमच्याच हॉस्पिटलात, ओपीडी आटोपल्यावर दुपारी. काउंटरचा क्लार्क, सिस्टर, फार्मासिस्ट, बिलिंगवाले आणि एक डॉक्टर एवढी माणसं पुरतात.

खऱ्या पेशंटची माहिती चाचणीसाठी मुळीच देऊ नका. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेतल्या हलगर्जीला 250 कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. ‘सिंथिया’ हे मोफत सॉफ्टवेअर हवे तितके काल्पनिक पेशंट बनवून देतं. फक्त ते मुळात अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्सचे असतात, तेव्हा नावं-पत्ते बदला आणि आपल्याकडचे नमुने घाला: एकाच नावाचे दोघे, जन्मतारीख ठाऊक नसलेली आजी, घरात मिळून एकच मोबाइल, पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असलेला तरुण. त्याला अमॉक्सिसिलिन लिहून बघा. इशारा आला नाही, तर बोलणी तिथेच थांबवा. मग इंटरनेट बंद करून बिल काढायला सांगा.

‘आभा’ (डिजिटल आरोग्य ओळख क्रमांक) जोडणीच्या चाचणीसाठी सरकारी सँडबॉक्स आहे आणि तो मोफत आहे. वेंडरने जोडणीच्या कामाचे पैसे घ्यावेत, सँडबॉक्सचे नव्हे.

सगळ्यात महाग पडते ती रांग, आणि ती कोटेशनमध्ये नसते. तासाला 20 पेशंट येतात आणि नोंदणीला 2 मिनिटं लागतात, तोवर एक काउंटर निभावतो. नव्या स्क्रीनवर साडेतीन मिनिटं लागली, की तासाभराच्या गर्दीला 70 मिनिटं हवीत. गर्दी ओसरेपर्यंत रांग वाढतच राहणार. म्हणजे दुसरा क्लार्क, त्याचा पगार, शिवाय कॉम्प्युटर. तालमीत घड्याळ लावा. हाच हिशेब दिवसभराच्या गर्दीवर करायचा तर रांगांचं सिम्युलेशन करणारी पायथॉनची ‘सिमपाय’ लायब्ररी मोफत आहे. पायथॉन येणारा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी तो मांडून देईल. त्याला मानधन मात्र द्या.

पाच लाखांचं कोटेशन 18 टक्के जीएसटी धरून 5,90,000 होतं. उपचारांवर बहुतांशी जीएसटी नसल्याने या कराची वजावट सहसा मिळत नाही. एएमसी, एसएमएस, लॅबच्या मशीनची जोडणी, जुना डेटा चढवणं, वाढीव युजर यांचे दर वेगवेगळे लिहून घ्या. पुढे सॉफ्टवेअर बदलायचं झाल्यास सगळा डेटा कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत आणि किती पैशांत परत मिळेल, हेही करारात हवं. ते लिहून द्यायला का-कू करणाऱ्याला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.