आधी चावी, मग पाना

सोलापुरात नळाला रोज पाणी येत नाही. आपल्या भागाची पाळी आली की उजनीचे पाणी भरून घ्यायचे आणि पुढच्या पाळीपर्यंत गच्चीवरच्या टाकीवर भागवायचे. त्यामुळे अंगणातला नळ ठिबकू लागला की जीव खालीवर होतो. मी नळाखाली लिटरची बाटली लावून पाहिली, तर ती तासाभरात भरली. म्हणजे दिवसाला २४ लिटर आणि महिन्याला ७२० लिटर पाणी वाया.

दुरुस्तीला माणूस बोलावला. “काकू, वायसर कशाला बदलत बसायचं? नळच नवा टाकू,” असे म्हणत त्याने टाकीखालची चावी फिरवली आणि नळाला पाइप पाना लावला. भिंतीबाहेरचा प्लास्टिकचा एल्बो उन्हाने ठिसूळ झाला होता. एका हिसक्यात तो नळासकट हातात आला आणि पाण्याचा लोट सुटला. चावी नुसतीच गोल फिरत होती. जुना गेट व्हॉल्व्ह तो, त्याची आतली झडप दांड्यापासून कधीच सुटलेली. चिंधी गुंडाळलेली लाकडी खुंटी ठोकेपर्यंत, आदल्या रात्री भरलेली निम्मी टाकी रिकामी झाली. पुढच्या पाळीपर्यंत शेजारून कळशा आणाव्या लागल्या.

तेव्हा पहिली गोष्ट ही, की चावी फिरली म्हणजे पाणी बंद झाले असे समजू नका. चावी बंद करून नळ पूर्ण सोडा. पाइपात उरलेले पाणी निघून जाईल आणि धार थांबेल. ती थांबली नाही, तर त्या दिवशी नळाला हात लावायचा नाही, आधी चावी बदलून घ्यायची. बदलताना बॉल व्हॉल्व्ह घ्या. त्याचा दांडा पाइपाला आडवा असला की बंद, हे लांबूनही दिसते. अंगणाच्या पाइपावर एक वेगळा बसवला, तर दुरुस्तीसाठी घरभर पाणी बंद ठेवावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, पाणी नक्की कुठून गळते ते पाहा. नळ बंद असताना तोंडातून ठिबकत असेल, तर बहुतेक वेळा दोष वायसरचा असतो. त्यासाठी नळ भिंतीतून काढायची गरजच नसते. चावी बंद करून नळ अर्धवट सोडा, म्हणजे वायसर खाली दाबलेले राहणार नाही. एका पान्याने नळाचे अंग धरा आणि दुसऱ्याने वरचा मोठा नट डावीकडे फिरवा. दांडा बाहेर येईल, त्याच्या टोकाला वायसर असते. जुने दुकानात दाखवून तसेच घ्या. नवे बसवण्याआधी आतल्या बैठकीवरून बोट फिरवा. क्षार असेल तर पुसून घ्या. खड्डे लागले तर मात्र नवे वायसर टिकणार नाही, नळच बदला. पाव फेऱ्यात उघडणाऱ्या नळांत वायसरऐवजी सिरॅमिकच्या चकत्यांचे कार्ट्रिज असते. ते अख्खे काढून दुकानात न्या.

नळ चालू असताना दांड्याच्या बुडातून पाणी येत असेल, तर दांड्याभोवतीचा लहान नट किंचित आवळा. अनेकदा एवढ्यानेच भागते.

गळती भिंतीपाशी, आट्यांतून असेल तरच नळ काढावा लागतो, आणि धोका इथेच असतो. एका पान्याने एल्बो घट्ट धरूनच दुसऱ्याने नळ फिरवा. नाहीतर सगळा जोर एल्बोवर येतो. एल्बो भिंतीत गाडलेला असेल आणि धरायला जागाच नसेल, तर काम जाणत्या प्लंबरवर सोपवा. नवा नळ लावताना आटे स्वच्छ करा. आट्यांचे तोंड स्वतःकडे ठेवून टेफ्लॉन टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, ताणून, आठ-दहा वेढे गुंडाळा. नळ आधी हाताने बसवा, मग पान्याने बेताने आवळा. तोंड सरळ करायला उलटा फिरवलात, तर टेप सैल होऊन पुन्हा गळेल.

ठिबकणारा नळ दिवसेंदिवस जोर लावून बंद करत राहू नका. त्याने वायसर चिरते आणि दांड्याचे आटे झिजतात. उन्हातल्या प्लास्टिक पाइपाला रंग द्या किंवा तो झाकून टाका. घरात अर्धा इंची एंड प्लग ठेवा. नळ काढल्यावर नवा जुळला नाही, तर तो लावून तोंड बंद करता येते.

आणि काम पाण्याच्या पाळीच्या दिवशी सकाळी काढा. टाकी तळाला गेलेली असते, काही बिघडलेच तर फार पाणी जात नाही, दुकाने उघडी असतात आणि पाणी यायच्या आत सगळे जोडून होते.