जिताड्याच्या तळ्यातील दोन शत्रू

न्हावा-शेवा येथे १९८९ साली मोठे बंदर सुरू झाले; परंतु त्याच्या आसपासच्या उरण, पेण व अलिबाग तालुक्यांतील खारपट्टीची जुनी ओळख भात, मीठ आणि मासळी ही होय. या भागात तळ्यांतून जिताडा पाळण्याची चाल आहे, व पाहुणचारात त्याचा मान मोठा. अशा तळ्यातील मासे एकाएकी मरू लागले म्हणजे धनी विचारतो, "कोणता रोग आला?" आमच्या मते पुष्कळदा "कोणकोणते रोग आले?" असे विचारावयास हवे.

माशाच्या अंगावरील बुळबुळीत थर हा त्याचा पहिला तट होय. तो ओलांडणाऱ्या जंतूंस पांढऱ्या पेशी गिळून टाकतात. या पेशी माणसाच्या हाडांतील मगजात तयार होतात, तर माशाच्या मूत्रपिंडाच्या डोक्याकडील भागात. काही विषाणू नेमक्या याच भागावर व प्लीहेवर घाला घालतात. मग एरवी पाण्यात निरुपद्रवीपणे वावरणारे जीवाणूही आत शिरून माजतात. खारीच्या बांधास खेकड्याने पाडलेले भोक लहानच असते. पण भरतीचे पाणी त्यातूनच शेतात येते, तसाच हा प्रकार.

दोन्ही रोगांचे बळ एकत्र आले म्हणजे काय होते, हे तिलापिया माशांवरील एका प्रयोगात दिसले. थायलंडमधील संशोधकांनी तो २०२० साली प्रसिद्ध केला. केवळ एरोमोनास जीवाणूने शेकडा सुमारे ७ मासे मेले, केवळ विषाणूने ३४. दोहोंनी मिळून मात्र ९३! माणसांतही १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाच्या साथीत विषाणूमागून आलेल्या जीवाणूंच्या न्युमोनियाने असंख्य बळी घेतले.

यावरून घ्यावयाचा बोध स्पष्ट आहे. जीवाणूंवरील औषध विषाणूस मारीत नाही. ते उगाच वापरल्यास जीवाणू मात्र औषधास दाद देईनासे होतात. म्हणून तपासणी दोहोंची करवावी. त्याहून बरे म्हणजे रोग येऊच न देणे: बीज निरोगी घ्यावे, नवे मासे काही दिवस निराळे ठेवावेत, तळ्यात दाटी करू नये, आणि मेलेला मासा तत्काळ काढून पुरावा. मासा थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे त्याची प्रतिकारशक्ती पाण्याच्या उष्णमानावर व त्यातील प्राणवायूवर अवलंबून असते. सारांश, ज्याने पाणी राखले त्याने मासा राखला, हे आमच्या विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे आणि घरी तळे असल्यास वडीलधाऱ्यांसही सांगावे.