धूळकिडा आणि पावसाळ्यातली धाप



पावसाळा लागला की भोईवाड्यात हा प्रश्न हमखास कानावर येतो: "सिस्टर, घर रोज झाडते-पुसते, तरी पोराला रात्री धाप का लागते?" विचारताना आईची मान खाली असते. 'तुमचं घरच घाण' असं कुणी म्हणेल, ही भीती. म्हणून आधीच सांगते, धूळकिडा ही घाणीची खूण नव्हे. तो मलबार हिलच्या महागड्या गादीतही असतो आणि आपल्या गोधडीतही.

हा किडा कसा असतो?
धूळकिडा मिलिमीटरच्या साधारण पाव भागाएवढा असतो, म्हणून डोळ्यांना दिसत नाही. त्याला आठ पाय असतात. तो कोळी आणि गोचिडीच्या कुळातला. ढेकणासारखा तो चावत नाही. आपल्या अंगावरून गळणारा त्वचेचा कोंडा हे त्याचं अन्न. तो पाणी पीत नाही, हवेतला ओलावा शोषतो. आर्द्रता बरेच दिवस ५० टक्क्यांखाली राहिली तर तो सुकून मरतो. मुंबईत पावसाळ्यात ती ८० च्याही वर जाते, त्यामुळे तो भराभर वाढतो.

त्रास कशाने होतो?
मुख्यतः त्याच्या विष्ठेने. एक किडा दिवसाला सुमारे २० कण टाकतो. अंथरूण झटकलं की ते हवेत उडून नाकात-छातीत जातात. घरच्या धुळीच्या अॅलर्जीमागे हा किडा आहे, हे १९६० च्या दशकात नेदरलँड्समधील लायडनच्या संशोधकांनी दाखवलं. त्रास सगळ्यांना होत नाही; ज्यांना अॅलर्जी आहे त्यांना सकाळी सलग शिंका, नाक चोंदणं, डोळ्यांना खाज, इसब, पहाटेचा खोकला आणि दमा होतो.

घरात काय करावं?
१. चादरी, उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. दोन भाग उकळतं आणि एक भाग साधं पाणी घेतलं की कपडे घातल्यावरही ते ६० अंशांच्या आसपास राहतं. त्यात अर्धा तास भिजवा. मुलांना लांब ठेवा.
२. ऊन पडलं की गादी-गोधडी उन्हात टाका, उलटून पालटून वाळवा. झटकायची ती बाहेरच, नाकाला फडकं बांधून. उन्हाने किडे मरतात, पण विष्ठा उरते.
३. कोरड्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसा. त्या वेळी दम्याचं माणूस बाहेर बसवा.
४. ओले कपडे शक्यतो खोलीत वाळत घालू नका. स्वयंपाकाच्या वेळी खिडकी उघडा.
५. धुराने दमा वाढतो. घरात दम्याचं माणूस असेल तर वंदनेला अगरबत्ती लावू नका, फुलं पुरेत. डासांची कॉइलही नको.

पंप बंद करू नका
साफसफाईने त्रास कमी होतो, पण ती औषधाची जागा घेत नाही. 'पंपाची सवय लागते' हा गैरसमज आहे. पंपातलं थोडंसं औषध थेट छातीत पोचतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो बंद करू नका. बोलताना वाक्य पुरं होत नसेल, बरगड्या आत ओढल्या जात असतील किंवा ओठ निळसर दिसत असतील तर सकाळची वाट पाहू नका. केईएम जवळच आहे, लगेच न्या.

आणि ओल्या भिंतीचा, गळक्या छपराचा दोष आईच्या माथी मारू नका. त्यासाठी सगळ्या चाळीने मिळून अर्ज करा. कोरडं घर हा आपल्या लेकरांचा हक्क आहे.